पाया खोदताना मिनी पोकलेनचा रबर ट्रॅक तुटला : यंत्र उतारावरून कसे काढावे आणि नवा ट्रॅक कसा निवडावा?

वाघूरकाठ (ता. जामनेर)

नमस्कार मंडळी. गावाबाहेरच्या आमच्या बखळीवर घराचे काम सुरू केले आहे. ठेकेदार नेमलेला नाही; गवंडी, मजूर, साहित्य आणि हिशेब सगळे घरचेच लोक पाहतो. पायाचे खड्डे, सेप्टिक टँक आणि नंतर शेतातल्या चाऱ्या अशी बरीच खोदाई दिसत असल्यामुळे आम्ही तिघा चुलतभावांनी मिळून एक तीन टनी मिनी पोकलेन जुन्यात विकत घेतले. काल दुपारी सेप्टिक टँकच्या खड्ड्यातून उतारावरून वर येताना भावाने यंत्र थोडे वळवले आणि डाव्या बाजूचा रबर ट्रॅक तुटून खाली पडला.

यंत्र सध्या उतारावर अर्धवट तिरपे उभे आहे. ब्लेड उताराच्या बाजूला दाबलेले आहे, बकेट जमिनीत रोवलेली आहे आणि उजव्या ट्रॅकखाली दगडांची उटी लावली आहे. जमीन म्हणाल तर वरची पाच फूट काळी, तिच्याखाली पिवळसर मुरूम आणि त्या मुरमात नारळापासून घागरीएवढ्या आकाराचे काळे गोटे. कॉलमचे निम्मे खड्डे खोदून झाले आहेत, निम्मे बाकी आहेत आणि मृग तोंडावर आला आहे.

हे यंत्र दुसरे काही न मोडता सपाटीवर कसे आणावे, तुटलेला ट्रॅक जोडता येतो की नवाच घ्यावा लागतो, आणि घ्यावा लागल्यास आकार कसा ठरवावा, हे जाणकारांनी सांगावे. गावातल्या दोन मेकॅनिकांनी दोन वेगळी मते दिली आहेत, म्हणून येथे विचारतो आहे.

पाना_पक्कड (चाळीसगाव)

दादा, पहिली गोष्ट म्हणजे यंत्राच्या उताराकडच्या बाजूला कोणालाही उभे राहू देऊ नका, लहान मुलांना तर त्या खड्ड्याकडे फिरकूही देऊ नका. ट्रॅक नसलेल्या बाजूचे रोलर, म्हणजे ट्रॅकच्या आत फिरणारी खालची लहान चाके, नुसत्या मातीवर टेकलेले असतात. रात्री पाऊस झाला आणि खालची काळी माती भिजली, तर यंत्र उभ्या जागी सरकू शकते. जवळपास रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर मिळत असतील तर उघड्या रोलरच्या चौकटीखाली ते आजच सारून ठेवा.

उपाय सांगण्यापूर्वी काही गोष्टी कळायला हव्यात. ट्रॅक खरोखर आरपार तुटला आहे की फक्त उतरला आहे? उतरलेला ट्रॅक परत चढवता येतो. तुटला असेल तर तुटलेल्या टोकाकडे नीट पाहा. रबराच्या आत तारांचे जे पदर असतात ते सगळे सारखेच चमकत आहेत की काही गंजलेले आहेत, हे सांगा. स्प्रॉकेटच्या (ट्रॅक फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) दातांमध्ये दगड अडकला आहे का, खालचे सगळे रोलर हाताने फिरतात का, आणि ट्रॅकच्या आतील अंगावर कोरलेले आकडे वाचता येतात का, हेही पाहून लिहा. फोटोपेक्षा शब्दांत सांगितलेले मला अधिक कळेल, कारण चिखल भरलेल्या फोटोत काहीच दिसत नाही.

वाघूरकाठ

पाना_पक्कड दादा, आपण सांगितल्याप्रमाणे सकाळी घासून पाहिले. ट्रॅक आरपार तुटला आहे. टोकाला तारांची पुष्कळ टोके दिसतात. त्यांपैकी बाहेरच्या कडेपासून मध्यापर्यंतची टोके काळपट तांबडी असून बोटाने चोळली की पूड होते, आणि आतल्या कडेची साधारण चार बोटांएवढी टोके मात्र नव्या तारेसारखी पांढरी चमकतात. रबरालाही तिथे एक जुनी चीर आहे आणि तिच्यात वाळलेली माती घट्ट बसली आहे. आकडे ३०० × ५२.५ × ८० असे वाचता येतात. स्प्रॉकेटमध्ये दगड नाही. रोलर यंत्राच्या वजनाखाली असल्यामुळे फिरवून पाहता आले नाहीत.

पाना_पक्कड

मग हा ट्रॅक काल तुटलेला नाही, काल फक्त त्याचा शेवट झाला. रबर ट्रॅकला ताण सोसण्याची ताकद तारांमुळे येते. रबर त्या तारांना झाकून ठेवते आणि जमिनीवर पकड देते एवढेच. कुठेतरी चीर पडून पाणी आत गेले की तार गंजत जाते, आणि वरून ट्रॅक धडधाकट दिसत असतानाच आतून निम्मा संपलेला असतो. आपल्या ट्रॅकच्या बाबतीत ती चीर कडेपासून आत गेली आहे, म्हणजे काहीतरी त्या कडेला सतत घासत किंवा कापत होते. ते सापडल्याशिवाय नवा ट्रॅक चढवू नका, नाहीतर नवाही त्याच जागी कापला जाईल.

केळीचा_घड (रावेर)

आमच्याकडे एकाने असाच तुटलेला ट्रॅक दोन्ही टोकांना भोके पाडून, वरून आणि खालून लोखंडी पट्ट्या लावून, नट-बोल्टने आवळून जोडला होता. खर्च अगदी किरकोळ आला आणि केळीच्या बागेतून यंत्र बाहेर निघाले. नवा ट्रॅक येईपर्यंत वाघूरकाठ यांनी हाच मार्ग का घेऊ नये?

पाना_पक्कड

घेता येतो, पण केवळ सपाटीवर काही पावले यंत्र सरकवण्यापुरता. त्यामागचे कारण असे की ट्रॅकच्या आत ठरावीक अंतरावर लोखंडी तुकडे बसवलेले असतात आणि स्प्रॉकेटचा दात दोन तुकड्यांच्या मधल्या जागेत बसतो. वाघूरकाठ यांच्या ट्रॅकमध्ये हे अंतर ५२.५ मिलिमीटर आहे. पट्टीने जोडताना ते अंतर दोन-चार मिलिमीटरने जरी चुकले, तरी जोड स्प्रॉकेटवर आला की दात तुकड्यावर चढतो आणि प्रत्येक फेरीला ट्रॅक उचलला जातो. शिवाय बोल्टचे डोके रोलरच्या वाटेत येते. केळीच्या बागेत जमीन सपाट आणि मऊ असते, त्यामुळे तिथे ते निभावले. येथे उतार आहे, वर चढायचे आहे आणि जोड सुटला तर यंत्र खड्ड्यात जाईल. माझ्या मते हा प्रयोग येथे करू नये.

विटा_सिमेंट (धुळे)

मी बांधकाम अभियंता आहे, यंत्रांचे काम माझे नाही. पण या प्रकरणात जमिनीकडे आणि पायाकडे दुर्लक्ष होत आहे असे वाटल्याने लिहिते.

वाघूरकाठ दादा, सेप्टिक टँकचा खड्डा किती खोल आहे ते आपण सांगितले नाही. खोदकामाच्या सुरक्षिततेसाठी आपल्याकडे आय. एस. ३७६४ ही संहिता आहे. तिच्यानुसार १.५ मीटरपेक्षा खोल चराला आधार द्यावा लागतो आणि उपसलेली माती काठापासून लांब ठेवावी लागते. आपल्या जागी वरची पाच फूट काळी माती आहे. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात आणि त्या भेगांच्या रेषेवरून कडा एकदम ढासळते. अशा काठावर दुसरे जड यंत्र आणून दोर लावणे धोक्याचे आहे. ओढणारे यंत्र मुरूम किंवा पक्की जमीन असलेल्या बाजूलाच उभे करा आणि काठावर टाकलेला मातीचा ढीग आधी हलवून घ्या.

दुसरे असे की यंत्र ओढून काढताना ते कॉलमच्या तयार खड्ड्यांवरून किंवा त्यांच्या अगदी शेजारून नेऊ नका. खड्ड्याच्या कडा मोडल्या तर सैल माती तळाशी पडते, आणि ती हाताने साफ केली नाही तर काँक्रीट सैल मातीवर बसते.

आणि पावसाबद्दल. जे खड्डे खोदायचे राहिले आहेत ते तसेच राहू द्या, त्याने काही बिघडत नाही. जे खोदून झाले आहेत त्यांची काळजी करा. खड्ड्याचा तळ भिजून लिबलिबीत झाला तर तेवढा थर काढून टाकावा लागतो. म्हणूनच तळाची शेवटची साधारण १५ सेंटिमीटर माती पीसीसी (पायाच्या तळाचे बिनसळईचे साधे काँक्रीट) टाकण्याच्या दिवशीच काढण्याची पद्धत आहे. आपल्या निम्म्या खड्ड्यांत पीसीसी झालेली नसेल तर यंत्राची वाट न पाहता ती आधी उरकून घ्या. त्यासाठी पोकलेनची गरज नाही, फावडे आणि दोन माणसे पुरतात. उरलेल्या खड्ड्यांसाठी गावातला चाकाचा जेसीबी तासावर लावला तरी चालेल. घराचा पाया एका ट्रॅकसाठी अडवून ठेवणे परवडणारे नाही.

वाघूरकाठ

ताई, खड्डा सात फुटांचा आहे. पीसीसीचे आपण म्हणता ते पटले. उद्या गवंड्याला त्याच कामावर लावतो. भावाचे म्हणणे असे आहे की यंत्राचा बूम (बकेट उचलणारा हात) चालू आहे, तर यंत्राने स्वतःच्याच बकेटने मागची जमीन सपाट करून घ्यावी आणि तिथेच उचलून ट्रॅक बदलावा. हे शक्य आहे का?

पाना_पक्कड

कल्पना चुकीची नाही, पण जागा चुकीची आहे. एक ट्रॅक नसलेले यंत्र उतारावर असताना वरचा भाग फिरवून बकेट भरली, तर सगळे वजन एका बाजूला जाते आणि त्या बाजूला टेकायला रुंद ट्रॅकऐवजी फक्त रोलर असतात. सपाटीवर मी स्वतः असे करतो. उतारावर करणार नाही. त्यापेक्षा ताईंनी सांगितलेला जेसीबी आधी यंत्राच्या वरच्या बाजूचा उतार कापायला लावा. उतार जितका कमी होईल तितके पुढचे काम हलके होईल.

आता काढण्याची पद्धत सांगतो. तुटलेला ट्रॅक पूर्ण बाहेर ओढून बाजूला टाका, तो अर्धवट गुंडाळलेला राहू देऊ नका. उघड्या रोलरच्या पुढे, ज्या दिशेने यंत्र न्यायचे आहे त्या दिशेने जाड फळ्या किंवा स्लीपर अंथरा. ओढण्याचा दोर बकेटला, बूमला किंवा ब्लेडला बांधू नका. खालच्या चौकटीला ओढण्यासाठी जे भोक किंवा जी जागा असते तिथेच डी-शॅकलने (पिन लावून बंद होणाऱ्या लोखंडी कडीने) अडकवा आणि धारदार कडेवर दोर वाकत असेल तर मध्ये लाकूड किंवा पोत्याची घडी घाला. आपल्या यंत्राचे इंजिन चालू ठेवा, कारण इंजिन बंद असले की चालवण्याच्या मोटरचा ब्रेक आपोआप लागलेला असतो आणि चांगल्या बाजूचा ट्रॅक नुसता घासत येतो. डावा ट्रॅक नसताना उजवा पुढे चालवला तर यंत्राचे तोंड डावीकडे वळेल. म्हणून उजवा ट्रॅक अगदी हळू, ओढणाऱ्या दोराच्या वेगाने चालवायचा आणि तोंड सरळ ठेवण्यासाठी बकेटचा आधार घ्यायचा. दोर ताणलेला असताना त्याच्या लांबीइतक्या अंतरात कोणीही थांबू नये. वायर रोप तुटला तर त्याचे टोक माणसाचा पाय कापते, हे मी ऐकीव सांगत नाही.

सपाटीवर आल्यावर जे काम येते ते दिसायला सर्वांत सोपे आहे आणि माझ्या मते सर्वांत धोक्याचे आहे. ट्रॅकचा ताण आयडलरच्या (स्प्रॉकेटच्या विरुद्ध टोकाला असलेल्या बिनदाती चाकाच्या) मागच्या ग्रीसच्या सिलेंडरने धरलेला असतो. चौकटीच्या बाजूला एक लहान खिडकी असते, तिच्यात मोठ्या षटकोनी डोक्याचा व्हॉल्व्ह आणि त्याच्या टोकाला ग्रीसचे निपल दिसते. तो व्हॉल्व्ह पान्याने जेमतेम एक वेढा सैल करायचा आणि थांबायचे. ग्रीस बाजूने अळीसारखी बाहेर येऊ लागते आणि आयडलर मागे ढकलता येतो. ग्रीस येत नाही म्हणून व्हॉल्व्ह आणखी सैल करत जाऊ नका आणि त्याच्या समोर तोंड किंवा हात आणू नका. आत प्रचंड दाब असतो. व्हॉल्व्ह सुटला तर तो गोळीसारखा येतो, आणि ग्रीसची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. त्या जागी बाहेरून फक्त टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो आणि दुखतही नाही, म्हणून माणूस हात धुऊन पुन्हा कामाला लागतो. असे झाले तर घरी न थांबता त्याच घडीला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जावे आणि आत ग्रीस गेली आहे असे स्पष्ट सांगावे. उशीर झाला तर बोट काढावे लागते.

कातळवाट (साक्री)

आमच्या भागातला अनुभव थोडा वेगळा आहे. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत काळ्या खडकाच्या भिंतीसारख्या उभ्या रेषा जमिनीतून गेलेल्या आहेत, त्यांना डाईक म्हणतात. आमच्याकडे पाया खोदताना एका कोपऱ्यात मऊ मुरूम आणि दुसऱ्या कोपऱ्यात अशी भिंत लागणे नवीन नाही. तिच्या फुटलेल्या दगडांना धारदार कोपरे असतात. अशा दगडांवर यंत्र जागच्या जागी फिरवले, म्हणजे एक ट्रॅक पुढे आणि दुसरा मागे चालवला, की रबराचे तुकडे निघतात आणि तारा उघड्या पडतात. आमच्याकडचे ऑपरेटर म्हणूनच थोडे पुढे, थोडे मागे करत मोठ्या वळणाने वळतात. वेळ जातो, पण ट्रॅक टिकतो.

मी स्वतः कंटाळून लोखंडी ट्रॅक बसवला. दगडात तो उत्तम चालतो आणि एखादी पिन किंवा प्लेट गेली तर तेवढीच बदलता येते, सगळा ट्रॅक टाकावा लागत नाही. मात्र त्याचे वजन जास्त असते, आवाज होतो, डांबरी रस्त्यावर आणि शेजाऱ्याच्या फरशीवर नेता येत नाही, आणि यंत्रात बसून दिवसभर अंग हादरते. वाघूरकाठ यांच्याकडे वर काळी आणि खाली गोटे आहेत, आणि पुढे शेतात चाऱ्या काढायच्या आहेत. त्यांनी रबरच ठेवावा असे मला वाटते. काळ्या मातीत मात्र दगडापेक्षा चिखल जास्त नुकसान करतो. ओली काळी स्प्रॉकेटच्या दातांमध्ये आणि आयडलरवर थरावर थर बसत जाते, त्यामुळे ट्रॅकला फिरायला जागा कमी पडते आणि तो विनाकारण ताणला जातो. संध्याकाळी तो चिखल तसाच राहिला तर आमच्याकडच्या उन्हात रात्रीतून त्याची वीट होते आणि सकाळी पहिल्याच हिसक्याला सगळा भार तारांवर येतो. दिवस मावळताना फावड्याने आणि पाण्याने ट्रॅकचा आतला भाग साफ करणे हे आमच्याकडे बैलाला चारा घालण्याइतके ठरलेले काम आहे.

वाघूरकाठ

सर्वांचे आभार. नवा ट्रॅक घेण्याबद्दल अजून कोणी लिहिले नाही. धुळ्याच्या एका दुकानदाराने फोनवर “तीन टनी यंत्र ना, मग आमच्याकडचा बसेल” असे सांगितले. जुना वापरलेला ट्रॅकही निम्म्याहून कमी किमतीत मिळतो आहे. शिवाय एकच घ्यावा की दोन्ही?

ग्रीसगन (भुसावळ)

टनावरून ट्रॅक घेऊ नका. एकाच वजनाच्या दोन यंत्रांचे ट्रॅक वेगळे असतात. आपल्या ट्रॅकवरचा ३०० हा आकडा रुंदी दाखवतो, ५२.५ हे आतील लोखंडी तुकड्यांमधले अंतर आहे आणि ८० ही तुकड्यांची संख्या. पहिले दोन्ही आकडे मिलिमीटरमध्ये असल्यामुळे ५२.५ ला ८० ने गुणले की ट्रॅकचा घेर ४,२०० मिलिमीटर, म्हणजे ४.२ मीटर निघतो. त्या आकड्यांच्या शेजारी एखादे अक्षर कोरलेले असले तर तेही दुकानदाराला सांगा, कारण आकडे तेच असूनही आतील तुकड्याची रुंदी आणि रोलर चालण्याची जागा वेगळी असू शकते. आधीच्या मालकाने चुकीचा ट्रॅक बसवलेला असण्याचीही शक्यता धरा. म्हणून यंत्राच्या पुस्तिकेशी किंवा उजव्या ट्रॅकशी आकडे जुळवून पाहा, स्वतः तुकडे मोजा, आणि रोलर ट्रॅकच्या कोणत्या भागावरून चालतो ते खडूने खूण करून मापा.

वापरलेल्या ट्रॅकबद्दल बोलायचे तर वाघूरकाठ यांचा तुटलेला ट्रॅकही वरून बरा दिसत होता, एवढेच म्हणेन. ज्याच्या आतली तार दिसत नाही तो वापरलेला ट्रॅक निम्म्या किमतीतही मी घेणार नाही. दुकानात वर्षानुवर्षे उन्हात पडलेला नवा ट्रॅकही घेऊ नका. रबराला आडवा वाक देऊन पाहा. बारीक बारीक भेगांची जाळी दिसली तर तो परत करा.

एक की दोन, हे उजव्या ट्रॅकच्या बाहेरच्या नक्षीच्या उंचीवर ठरवा. उजव्याची नक्षी अजून निम्म्याहून जास्त शिल्लक असेल आणि चीर नसेल तर एकच पुरे. ती घासून सपाट झाली असेल तर दोन्ही एकदम बदलणे बरे, कारण एका बाजूची उंची जास्त झाली की यंत्र चालताना एकीकडे ओढते आणि चाऱ्या सरळ निघत नाहीत. स्प्रॉकेटचे दातही पाहून घ्या. ते एका बाजूने झिजून हुकासारखे वाकडे टोकदार झाले असतील तर नव्या ट्रॅकबरोबर स्प्रॉकेटही बदला.

पाचोरा_पॅसेंजर (पाचोरा)

माझा प्रश्न थोडा बाजूचा आहे, पण याच विषयाचा आहे. मी घराच्या कामासाठी असेच यंत्र भाड्याने घेणार आहे. ट्रॅक तुटला तर खर्च कोणाचा? आणि विमा असतो का?

विटा_सिमेंट

ऑपरेटरसह तासावर घेतले तर यंत्राची मोडतोड मालकाची, हा सर्वसाधारण रिवाज आहे. तरी कागदावर दोन ओळी लिहून घ्या आणि बंद पडलेला वेळ मीटरमध्ये धरायचा नाही हेही त्यातच लिहा. ऑपरेटरशिवाय घेणार असाल तर भारतीय करार कायदा, १८७२ मधले कलम १५० माहीत असावे. भाड्याने दिलेल्या वस्तूत दोष असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान झाले, तर तो दोष देणाऱ्याला ठाऊक असो वा नसो, जबाबदारी देणाऱ्यावर येते. त्याच वेळी कलम १५१ नुसार घेणाऱ्यानेही ती वस्तू स्वतःची समजून सामान्य शहाणपणाने वापरली पाहिजे. ताबा घेतानाच दोन्ही ट्रॅकचे, आतून आणि बाहेरून, मालकासमोर फोटो काढून ठेवा. वाद झाला तर तेच कामी येतात.

विम्यावर फार विसंबू नका. बांधकाम यंत्रांच्या पॉलिसीत अपघाती नुकसान धरलेले असते, पण झीज, यांत्रिक बिघाड आणि पट्टे, साखळ्या, दोर, टायर यांसारखे बदलत राहावे लागणारे भाग साधारणपणे वगळलेले असतात. यंत्र उलटले तर विमा मिळेल. नुसता ट्रॅक तुटला तर बहुधा मिळणार नाही.

वाघूरकाठ

काय झाले ते सविस्तर लिहितो, पुढे कोणाला उपयोगी पडेल.

जेसीबीने आधी काठावरचा मातीचा ढीग हलवला आणि मग यंत्राच्या वरच्या बाजूचा उतार कापून जवळजवळ सपाट केला. स्लीपर भुसावळहून मिळाले. दोर खालच्या चौकटीला लावून, आमचे इंजिन चालू ठेवून, उजवा ट्रॅक हळू चालवत यंत्र मुरमाच्या बाजूने वर आले. कॉलमच्या खड्ड्यांपासून ते लांबच ठेवले. गवंड्याने तोवर खोदलेल्या खड्ड्यांची पीसीसी उरकली, आणि जेसीबी आलाच होता म्हणून उरलेले खड्डेही त्याच्याकडूनच काढून घेतले.

सपाटीवर यंत्र बूम आणि ब्लेडच्या जोरावर उचलून खाली स्लीपरची चवड लावली आणि इंजिन बंद करून रोलर एकेक करून फिरवले. बाकीचे फिरले, मधला जागचा हलेना. त्याचे सील जाऊन तेल निघून गेले होते आणि आत माती शिरून तो जाम झाला होता. न फिरता नुसता घासत राहिल्यामुळे त्याचा खालचा भाग सपाट झाला होता आणि बाहेरच्या कडेला पातळ धार आली होती. भावाने अंगठा फिरवून पाहिला आणि लगेच मागे घेतला. ट्रॅकवरची चीर त्या धारेच्या सरळ रेषेत होती. पाना_पक्कड दादांनी म्हटले होते ते हेच. यंत्र विकणाऱ्याने ट्रॅक धुऊन, काळा रंग मारून दाखवला होता, त्यामुळे ती चीर त्या वेळी दिसली नव्हती. त्या व्यवहाराबद्दल आता त्याच्याशी बोलणे चालू आहे.

रोलर नवा घेतला, ट्रॅक एकच घेतला. उजव्याची नक्षी चांगली आहे आणि स्प्रॉकेटही ठीक आहे. चढवताना ट्रॅक आधी स्प्रॉकेटच्या दातांत बसवला, मग दुसरे टोक आयडलरवर टेकवून, स्प्रॉकेट अगदी हळू मागे फिरवत, पहारीने कड आत सारली. नवा ट्रॅक शंभर किलोच्या वरचा आहे, तेव्हा तो उभा धरायला चार माणसे लागली आणि स्प्रॉकेट फिरत असताना कोणाचाही हात ट्रॅकच्या आत नाही, हे पाहायला एक माणूस वेगळा उभा केला. व्हॉल्व्ह आवळून ग्रीसगनने ताण दिला. आता प्रश्न एवढाच की ताण किती ठेवावा? भाऊ म्हणतो सैल नको, नाहीतर उतरेल.

ग्रीसगन

ती बाजू पुन्हा उचला आणि खाली लोंबणाऱ्या ट्रॅकचा आतला पृष्ठभाग व मधला रोलर यांच्यातील फट मोजा. लहान यंत्रांत ही फट साधारण १० ते ३० मिलिमीटरच्या दरम्यान सांगितलेली असते. आपल्या यंत्राचा नेमका आकडा पुस्तिकेत असेल, तोच धरा. मोजण्यापूर्वी आतला चिखल काढा आणि ट्रॅक दोन-तीन फेऱ्या पुढे-मागे फिरवून घ्या. भावाला सांगा की सैल ट्रॅक उतरतो हे खरे, पण फार ताणलेला ट्रॅक तार, आयडलर आणि स्प्रॉकेट या तिघांनाही खातो, आणि उतरलेला ट्रॅक चढवता तरी येतो. नवा ट्रॅक पहिल्या काही तासांच्या कामात थोडा बसतो, म्हणून लवकरच पुन्हा एकदा मोजा.

केळीचा_घड

तुटलेला ट्रॅक भंगारात देण्याआधी त्याचे तीन-चार फुटांचे तुकडे करून ठेवा. यंत्र ट्रॉलीवर चढवताना फळ्यांवर टाकले की पावसात घसरत नाही. तारा कापायला ग्राइंडर लागेल आणि डोळ्यांना चष्मा लावा.

वाघूरकाठ

फट २० मिलिमीटर ठेवली आहे, पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत बसते. सेप्टिक टँकची उरलेली खोदाई आज सुरू केली. खड्ड्याला आता दोन्ही बाजूंनी आधार दिला आहे आणि यंत्र आत न उतरवता वरूनच खोदतो आहोत.